‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी

शेजारच्या काकूंचा नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. हाकेला ओ देईना, हवं ते बोटानं दाखवेना. नुसतं गाडीचं चाक फिरवत बसायचा. ‘अगं, मुलगे उशिराच बोलतात,’ असं मीच त्याच्या आईला समजावलं. माझ्या या शहाणपणात त्याचे आठ महिने गेले. आजही मनाला लागतं.

शेवटी आम्ही दोघी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं, तपासणी मोफत. आधी कान तपासले, मग स्वमग्नता असल्याचं कळलं.

तिथल्या ताईंनी शिकवलं ते साधंच. त्याला साबणाचे फुगे आवडतात ना? मग डबी आईनं धरायची आणि थांबायचं. त्यानं हात पुढे केला की लगेच फुगा. ते जमलं की बोट दाखवल्यावर, मग ‘फु’ म्हटल्यावर. रोज थोडा वेळ, घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं, न रागावता.

चार महिन्यांनी तो ‘फु’ म्हणाला. त्याची आई रडलीच.

मैत्रिणींनो, यात आईचा काही दोष नसतो. वर्षाचं मूल हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षाचं बोट दाखवत नसेल, तर अंगणवाडीताईंना विचारा. माझ्यासारखी वाट बघू नका.