गाडीच्या टपावर काय, किती आणि कसं?

दोन वर्षांपूर्वीचं आपल्या मंडळाचं गणपतीचं मखर तुम्हाला आठवत असेल. मागच्या बाजूला प्लायवूडऐवजी हिरवी पैठणी ताणून बसवली होती. ‘काय सुंदर कल्पना!’ म्हणून तुम्ही कौतुकही केलंत. आज खरं सांगतो. ते प्लायवूड मी हायवेवर गमावून आलो होतो.

आमच्या एसयूव्हीच्या टपावर लांबीच्या दिशेने दोन रेल होत्या. आडव्या दांड्या, म्हणजे क्रॉसबार, नव्हत्या. दुकानात फुकट मिळालेल्या सुतळीने मी फळी त्या रेलनाच बांधली आणि निघालो. वेग वाढला तसा फळीखाली वारा शिरला, सुतळी तुटली आणि आरशात मला फळी हवेत दिसली. त्या क्षणी मागे एकही गाडी नव्हती. यात माझी हुशारी काही नाही, नशीब होतं. मागे एखादं कुटुंब असतं तर? त्या रात्री झोप लागली नाही. नंतर या विषयाची जी माहिती करून घेतली, ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट: खरेदीआधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि टपाला किती वजन चालतं तो आकडा शोधा. बऱ्याच कौटुंबिक गाड्यांना तो 165 पौंड, म्हणजे 75 किलोच्या आसपास असतो. काहींना त्याहून कमी. या आकड्यात क्रॉसबार आणि बॉक्सचं वजनही धरायचं असतं. शिवाय बारची आणि बॉक्सची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा आपला.

आता आपल्या घरचा हिशोब करू. आई-बाबा भारतातून आले, प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा. चार बॅगा म्हणजे सुमारे 200 पौंड. तुमच्या टपाची मर्यादा 165 आहे, त्यातून बारचे 15 आणि बॉक्सचे 45 वजा केले, तर उरले 105. म्हणजे फार तर दोन बॅगा. बॉक्समध्ये जागा आहे म्हणून चारही कोंबल्या, तर गाडी वरून जड होते आणि वळणावर जास्त कलते. म्हणून लोणच्याच्या बरण्या आणि पुस्तकांच्या बॅगा आत, खाली ठेवा. रजया, उशा, जॅकेटं वर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट: उंची मोजा. एसयूव्ही साधारण 70 इंच, बार 4 आणि बॉक्स 16 धरला, तर झाले 90. आपल्याकडे गॅरेजचं दार बहुधा 7 फूट, म्हणजे 84 इंच असतं. लांबच्या प्रवासाहून दमून आल्यावर ही बेरीज आठवत नाही. बॉक्स लावला की उंचीची चिठ्ठी स्टिअरिंगजवळ चिकटवा.

बॉक्स टपावर घ्यावा की मागे हिचवर? अमेरिकन सरकारच्या आकडेवारीनुसार मोठ्या बोजड बॉक्समुळे हायवेवर मायलेज 6 ते 17 टक्के घटतं, इंटरस्टेटच्या वेगाला 10 ते 25 टक्के. मागे लावलेल्या सामानाने हायवेवर 1 ते 5 टक्केच. पण मागे लावलं तर डिकी उघडणं अडतं, आणि नंबर प्लेट, दिवे, मागचा कॅमेरा झाकला जाऊ शकतो. घरासमोर लहान मुलं खेळत असतील तर कॅमेरा झाकलेला असताना गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून बघाच. आणि टपावरचा रिकामा बॉक्स वर्षभर मिरवू नका, ट्रिप संपली की काढा.

तिसरी गोष्ट: बसवताना घाई नको. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेलं किट घेऊ नका, आपल्या मॉडेलचं आणि वर्षाचंच घ्या. पकड बसते तिथला टप पुसून घ्या, नाहीतर धुळीने रंग ओरखडतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. काही किटसोबत येणारा पाना योग्य ताण आला की ‘टक’ वाजतो; तिथे थांबा. पहिल्या तीस-चाळीस मैलांनंतर गाडी थांबवून सगळं हाताने हलवून बघा.

लांब वस्तू असेल तर दोन बकलचे पट्टे आडवे लावा, शिवाय पुढचं आणि मागचं टोक वेगळं बांधा. रबरी हुकांच्या दोऱ्या ताणल्या जातात, त्यांच्या भरवशावर राहू नका. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने होणारी घरघर कमी होते.

टपाखालच्याही दोन वस्तू सांगतो. आपल्या मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ आणि खडी चाकांमागच्या पत्र्याचा रंग खाते. मडफ्लॅपचा खर्च थोडा आणि उपयोग मोठा. गाडीच्या आधीच्याच स्क्रूच्या भोकांत बसणारे घ्या. पत्र्याला नवं भोक पाडलं की गंज तिथूनच सुरू होतो.

आणि साइड स्टेप. आईला आमच्या गाडीत चढताना दरवेळी माझा हात लागायचा. ‘मी घरीच बरी,’ असं ती म्हणू लागली तेव्हा मला वाटलं, इथे करमत नाही. कारण गुडघे होते. गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसणारी, खडबडीत पृष्ठभागाची पायरी एका शनिवारी बसवली. आधी मी स्वतः तिच्यावर उभा राहून उड्या मारल्या, मग आईला बोलावलं. दुसऱ्या रविवारी मंदिरात जायला ती सगळ्यांआधी गाडीत बसली होती.

नुकतंच लायसन्स मिळालेल्या मुलामुलींनो, पुढच्या वर्षी मखराचं सामान आणायला तुमचीच मदत लागेल. नवे पट्टे माझ्या गॅरेजमध्ये टांगलेले आहेत. आदल्या शनिवारी अर्धा तास काढून या, बांधायला शिकवतो. चहा आणि चिवडा आमच्याकडून.