दोस्त राष्ट्रें आणि पुनर्रचनेचे मक्ते

युद्धाचा इतिहास वाचतांना रणांगणावरील जयापजयांकडे आपलें लक्ष सहज वेधतें. परंतु तोफा थंडावल्यावर मोडलेले पूल कोणीं बांधावे, विजेचीं केंद्रें कोणीं उभारावीं आणि हा पैसा कोणाच्या हातून खर्च व्हावा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक युद्धांत जें जिंकलें तें पुढें टिकणार कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें. इ. स. २००३ मधील इराकच्या उदाहरणावरून ही गोष्ट आम्ही वाचकांस समजावून देणार आहों.

मार्च २००३ मध्यें अमेरिका, ब्रिटन व त्यांचीं दोस्त राष्ट्रें यांनीं इराकवर स्वारी केली, आणि ९ एप्रिल रोजीं बगदाद शहर पडलें. फ्रान्स, जर्मनी, रशिया व कॅनडा हीं राष्ट्रें या स्वारींत सामील झालीं नव्हतीं. पहिल्या तिघांनीं तर तीस उघड विरोध केला होता. इराकांतील वीज, पाणीपुरवठा, तेलखाणी, रुग्णालयें या सर्वांची त्या वेळीं दुर्दशा झाली होती. पुनर्रचनेसाठीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें त्याच वर्षाच्या अखेरीस १,८०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली.

आतां हें काम द्यावयाचें कोणास? ५ डिसेंबर २००३ च्या आदेशान्वयें अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनीं असें ठरविलें कीं, सुमारें १,८६० कोटी डॉलरांच्या २६ मुख्य मक्त्यांसाठीं फक्त ६३ राष्ट्रांतील कंपन्यांनींच टेंडरें भरावीं. या यादींत अमेरिका, खुद्द इराक आणि अमेरिकेच्या बाजूनें उभीं राहिलेलीं राष्ट्रें होतीं. फ्रान्स, जर्मनी, रशिया व कॅनडा यांचीं नांवें तींत नव्हतीं. जुलै २००३ मध्यें सैन्य पाठविण्यास नकार देणाऱ्या भारताचेंही नांव नव्हतें.

येथें मुख्य मक्ता व पोटमक्ता यांतील भेद समजून घेतला पाहिजे. मुख्य मक्तेदार सरकारशीं थेट करार करतो. पैसा व अधिकार त्याच्याकडे असतात. कामाचे तुकडे पाडून तो ते दुसऱ्यांस पोटमक्त्यानें देतो. पोटमक्ते सर्व राष्ट्रांस मोकळे होते. परंतु ते कोणास द्यावयाचे हें मुख्य मक्तेदाराच्या मर्जीवर होतें.

अमेरिकेचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं आपले शिपाई संकटांत लोटले व ज्यांच्या करदात्यांचा पैसा खर्च होत आहे, त्यांस प्रथम मान मिळणें न्याय्य आहे. शिवाय हा आपल्या राष्ट्रीय सुरक्षिततेचा प्रश्न आहे. या युक्तिवादांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु योगायोग असा कीं, त्याच दिवशीं अध्यक्ष बुश यांनीं जेम्स बेकर यांची इराकचें परराष्ट्रीय कर्ज हलकें करण्यासाठीं खास प्रतिनिधि म्हणून नेमणूक केली. हें कर्ज ज्यांचें होतें त्यांत फ्रान्स, जर्मनी व रशिया हे प्रमुख होते! एका हातानें दार लावावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्याच शेजाऱ्याकडे मागणें मागावयाचें, असा हा प्रकार झाला. कॅनडानें तर पुनर्रचनेस सुमारें ३० कोटी कॅनेडियन डॉलर देऊं केले होते. जानेवारी २००४ मध्यें बुश यांनीं कॅनडास पुढील मक्त्यांत वाव देण्याचें मान्य केलें. पुढें २१ नोव्हेंबर २००४ रोजीं धनको राष्ट्रांच्या ‘पॅरिस क्लब’ मंडळानें ३,८९० कोटी डॉलर कर्जापैकीं शेंकडा ८० भाग माफ करण्याचें ठरविलें. ज्यांस दाराबाहेर ठेविलें होतें, त्यांच्या औदार्यावांचून इराकचें ओझें उतरलें नसतें.

आणि कामांचें काय झालें? फल्लुजा शहरांतील सांडपाण्याच्या योजनेचा खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीच्या घरांत गेला. तरी ठरविलेल्या घरांपैकीं सुमारें एकतृतीयांश घरांपुरतीच ती उरली. अमेरिकेच्याच खास तपासनिसांनीं २०१३ मध्यें असा अंदाज दिला कीं, एकंदर खर्चांतील निदान ८०० कोटी डॉलर वायां गेले. तेथील अशांतता हें याचें एक मोठें कारण खरें. परंतु योजना आंखतांना इराकी लोकांचा सल्ला पुरेसा घेतला नाहीं, हा दोषही त्यांनीं दाखविला.

याच्या उलट १९४८ सालीं सुरू झालेल्या मार्शल योजनेकडे पाहावें. तींतही अमेरिकेचा स्वार्थ होताच. निम्मा माल अमेरिकन जहाजांतून न्यावा अशी अट होती. तथापि पश्चिम जर्मनी व इटली या कालच्या शत्रूंसही तींत स्थान मिळालें, आणि आपल्या गरजा काय आहेत हें युरोपीय राष्ट्रांनींच एकत्र बसून ठरवावें अशी अपेक्षा होती.

यावरून आमच्या विद्यार्थी वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, हा न्याय जगांत चालतो. पण घर पुन्हां बांधावयाचें असतां युद्धांत आपल्या बाजूस कोण होतें, हा पहिला प्रश्न नव्हे. त्या घरांत राहावयाचें कोणास आहे, हा पहिला प्रश्न होय. मक्ता देणाऱ्यास त्याचा विसर पडला कीं, भिंती उभ्या राहतात, पण नळास पाणी येत नाहीं.