विश्लेषण : वेबपत्त्यातील एक तिरकी रेघ महागात का पडते?

मोबाइलवर एखादी लिंक उघडली की संकेतस्थळाच्या नावापुढचा पत्ता, म्हणजे ‘पाथ’, सर्व्हरकडे जातो. तिथे त्या नावाची फाइल ठेवलेली असतेच असे नाही. बहुतेक ठिकाणी वेब फ्रेमवर्क हा पत्ता आपल्याकडील नमुन्यांशी ताडून पाहते आणि जो जुळेल त्याचा प्रोग्राम चालवते. काहीच जुळले नाही तर ‘४०४’.

क्रमाला इतके महत्त्व का?

पायथॉनमधील ‘जँगो’चे उदाहरण घ्या. त्याचा जन्म वृत्तपत्राच्याच कचेरीतला. अमेरिकेतील कॅन्ससच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये २००३ साली त्याचे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. जँगो नमुन्यांची यादी वरून खाली वाचते आणि पहिला जुळणारा नमुना मिळताच थांबते. ‘लेख/कोणतेही-नाव/’ असा ढोबळ नमुना वर आणि ‘लेख/नवीन/’ खाली असेल, तर खालच्याची पाळी कधीच येत नाही. नवा लेख लिहायला आलेल्या वार्ताहराला ‘असा लेख नाही’ असे उत्तर मिळते. ‘फ्लास्क’मध्ये मात्र यादीतला क्रम काहीही असो, नेमक्या नमुन्याला प्राधान्य असते. त्यामुळे एकाची सवय दुसरीकडे नडते.

मग रेघेचा प्रश्न कुठे येतो?

खरा धोका दोन यंत्रणा एकच पत्ता वेगवेगळा वाचतात तेव्हा असतो. जावाच्या ‘स्प्रिंग’मध्ये कोणाला आत सोडायचे हे ‘स्प्रिंग सिक्युरिटी’ पाहते, तर कोणते पान द्यायचे हे ‘स्प्रिंग एमव्हीसी’. पहारा फक्त ‘/अ‍ॅडमिन’ या पत्त्यावर बसवला आणि बाकीचे पत्ते मोकळे ठेवले, तर शेवटी तिरकी रेघ असलेला ‘/अ‍ॅडमिन/’ हा पत्ता पहारेकऱ्याच्या लेखी दुसराच ठरे. पान देणारा मात्र दोन्ही एकच मानत असे. म्हणजे पासवर्ड न विचारता दार उघडे! पत्त्यातील रिकाम्या जागेवरून अशीच तफावत २०१६ मध्ये सुरक्षा-त्रुटी म्हणून नोंदली गेली.

नोव्हेंबर २०२२ मधील स्प्रिंगच्या सहाव्या आवृत्तीपासून ही सवलत मुळातच बंद असते. रेघ असलेला आणि नसलेला, हे दोन वेगळे पत्ते. उशिरा सुचलेले, पण योग्य शहाणपण. मात्र आवृत्ती बदलताना वेगळी सोय केली नाही, तर शेवटी रेघ असलेल्या जुन्या लिंकवर ग्राहकाला ‘४०४’च दिसते.