भुरीबाईंचे दहा रुपये

इंदुरात मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. आम्हाला देवळालीकर मास्तरांचा फार अभिमान. 1927 साली त्यांनी इथे चित्रशाळा काढली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि मुंबईची जी.डी. आर्ट परीक्षा देऊन पुढे गेले. पण शेजारच्या झाबुआतल्या भिल्ल मुलीने कुठली परीक्षा द्यायची?

पिटोल गावच्या भुरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजूर होत्या. रोजी सहा रुपये. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं, कागद-रंग पुरवले आणि दिवसाला दहा रुपये दिले. नुसतं बसून चित्र काढायचे पैसे मिळतात, हे बाईंना खरंच वाटेना! गावी गेरू, खडू वाटून भिंत रंगवलेला तो हात. पुढे आदिवासी लोककलेच्या सरकारी संस्थेत त्यांना चित्रकार म्हणून नोकरी मिळाली. 2021 साली पद्मश्री.

मला यात ती नोकरी सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळे हात चालू राहिला.

मागे इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात एक भिल्ल बाई काडीच्या टोकाने मोराच्या पिसाऱ्यावर ठिपके देत होती. एकेका ओळीला पाच-सात मिनिटं. गिऱ्हाईक मात्र निम्म्या भावात मागत होतं. तुम्ही अशा मेळ्यात जाल तेव्हा एवढं करा: भाव पाडू नका, आणि चित्रामागे तिचं नाव लिहून घ्या.