घडीची विजेची सायकल: मेट्रोत न्यावी, पण पाठीला विचारून

गेल्या काही महिन्यांत आमच्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, मेट्रो स्टेशनपर्यंत जायला ती घडीची बॅटरीवाली सायकल घेऊ का? प्रकृतीला चालेल ना?" विचारणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात. कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाला मधुमेह आहे, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली आहे. दुकानात त्यांना सायकलचा वेग, एका चार्जिंगमध्ये तोडले जाणारे अंतर आणि किंमत सांगितली जाते. आपल्या शरीराचा या सायकलशी संबंध कुठे कुठे येतो, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आजचा लेख या विषयावर.

सायकल म्हणावी की गाडी?

या सायकलीला छोटी मोटर आणि बॅटरी असते व ती मधोमध दुमडता येते. चाके बहुधा १६ ते २० इंचांची असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असेल आणि २५ किलोमीटर वेगाला मोटरची मदत बंद होत असेल, तर अशी सायकल 'मोटार वाहन' ठरत नाही. म्हणजे तिला नोंदणी लागत नाही व चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. विकत घेताना हे प्रमाणपत्र मागून पाहावे. परवाना लागत नाही म्हणून हेल्मेटही लागत नाही, असा अर्थ मात्र काढू नये. लहान चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा लवकर अडकते आणि आपल्या रस्त्यांविषयी पुणेकरांना मी वेगळे काय सांगणार?

व्यायाम होतो का?

होतो, पण एका अटीवर. या सायकली दोन प्रकारे चालतात. एका प्रकारात आपण पायडल मारतो आणि मोटर जोर देते. दुसऱ्या प्रकारात स्कूटरप्रमाणे मूठ पिळली की सायकल आपोआप पळते. मूठ पिळून जाणाऱ्याला व्यायामाचे पुण्य मिळत नाही. पायडल मारणाऱ्याला मात्र भरभर चालण्याइतका, म्हणजे मध्यम स्वरूपाचा व्यायाम घडतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे व्यायाम योग्य होत आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. आता एक हिशेब करू. घरापासून वनाज स्टेशन १० मिनिटांवर आहे आणि पिंपरीला उतरल्यावर कचेरी ५ मिनिटांवर आहे. जाताना १५ मिनिटे, येताना १५ मिनिटे, म्हणजे दिवसाला अर्धा तास. आठवड्यातून पाच दिवस कचेरी, की झाली १५० मिनिटे! सायकल स्टेशनवर ठेवून गेलो तर यातली केवळ १०० मिनिटे पदरात पडतात. सायकल सोबत नेण्याचा फायदा हा असा आहे. ज्यांना "वेळ मिळत नाही" म्हणून व्यायाम जमत नाही, त्यांच्यासाठी कामावर जाण्याचा वेळच व्यायामाचा वेळ होतो.

गुडघ्याच्या संधिवातातही सायकल उपयोगी पडते. शरीराचे बहुतांश वजन सीटवर येते, गुडघ्यावर येत नाही. चढावर मोटर मदत करते, त्यामुळे सांध्यावर एकदम ताण पडत नाही. मात्र सीटची उंची नीट हवी. पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघेदुखी कमी होण्याऐवजी वाढेल.

खरी अडचण उचलण्याची

इथपर्यंत सर्व चांगले आहे. आता वजनाकडे वळू. साधी घडीची सायकल १० ते १३ किलोची असते. मोटर व बॅटरी बसली की ती १७ ते २५ किलोंच्या घरात जाते. जाड टायरची सायकल याहूनही जड भरू शकते. 'घडीची' या शब्दामुळे ती छत्रीसारखी काखोटीला मारता येईल असे वाटते, पण घडी घातल्याने आकार कमी होतो, वजन नाही.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ आहेत. वय ५४, मधुमेही, नोकरी पिंपरीला. घर कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांनी हौसेने २२ किलोंची सायकल घेतली व चोरीच्या भीतीने ती रोज जिन्यावरून वर नेऊ लागले. नवव्या दिवशी ते कमरेला हात लावून दवाखान्यात आले. उजव्या पायात मुंग्या येत होत्या. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. सुदैवाने शस्त्रक्रियेची वेळ आली नाही, पण तीन आठवडे रजा पडली आणि ज्या व्यायामासाठी सायकल घेतली तोच बंद झाला.

असे का होते? तरफेचे गणित शाळेत आपण सर्वजण शिकलो आहोत. पाठीचे स्नायू मणक्याच्या गादीपासून साधारण ५ सेंटिमीटर मागे असतात. २० किलोंची वस्तू शरीरापासून लांब, गादीच्या ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर ती तोलण्यासाठी स्नायूंना आठपट, म्हणजे १६० किलोंचा जोर लावावा लागतो. तीच वस्तू पोटाजवळ, २० सेंटिमीटरवर धरली तर हा जोर निम्म्यावर, ८० किलोंवर येतो. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. हा सगळा दाब त्या नाजूक गादीवर येतो. अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेने १९९१ साली कामगारांसाठी जे सूत्र ठरवले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. जिना, गर्दी, घाई आणि हाताला टोचणारे पायडल ही अनुकूल परिस्थिती नव्हे!

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१) उचलण्यापूर्वी बॅटरी काढून घ्यावी. दोन-तीन किलो तिथेच कमी होतात. बॅटरी वेगळ्या पिशवीत खांद्याला लावावी.
२) कमरेतून वाकू नये. गुडघे वाकवून खाली बसावे, सायकल पोटाजवळ धरावी व पायांच्या जोरावर उठावे.
३) वजन हातात असताना कंबर पिळू नये. वळायचे असेल तर पावले टाकून वळावे.
४) सरकत्या जिन्यावर सायकल नेऊ नये. तोल गेला तर मागच्या माणसालाही इजा होते. लिफ्ट वापरावी.
५) घडी घातल्यावर चाकांवर ढकलता येते अशीच सायकल निवडावी. उचलण्यापेक्षा ढकलणे केव्हाही बरे.

पुढील व्यक्तींनी ती उचलूच नये: गरोदर स्त्रिया, सिझेरियन झालेल्या व अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या स्त्रिया, हर्नियाचे रुग्ण, पूर्वी गादी सरकलेले रुग्ण आणि नुकतीच मोतीबिंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले. बायपास झालेल्यांची छातीची हाडे जुळायला सुमारे तीन महिने लागतात, तोवर जड उचलणे वर्ज्य आहे. हृदयविकार व रक्तदाब असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. श्वास कोंडून वजन उचलल्यास रक्तदाब एकदम चढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी पडल्यावर डोक्याला मार लागला तर "काही झाले नाही" म्हणून घरी बसू नये.

त्या गृहस्थांचे आता बरे चालले आहे. सायकल खालीच पार्किंगमध्ये साखळीने बांधलेली असते. फक्त बॅटरी वर जाते.

मेट्रो, बस आणि रेल्वे

पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि सुरुवातीपासूनच तिने सायकल घेऊन येणाऱ्या प्रवाशांना मुभा दिली. ही मोठी सोय आहे. तरी विजेची सायकल विकत घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या स्थानकावर बॅटरीविषयी विचारून घ्यावे व सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या सूचना मानाव्यात. कोथरूडकडून पिंपरीला जाताना सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. वनाजची गाडी जमिनीच्या वर येते आणि पिंपरीची गाडी सुमारे ३३ मीटर खोल भुयारात. म्हणजे दहा मजली इमारतीइतके अंतर! इथे जिन्याचा विचारही करू नये. लिफ्टसाठी पाच मिनिटे थांबावे लागले तरी थांबावे.

पीएमपीएमएलच्या बसमध्ये सकाळी-संध्याकाळी उभे राहायला जागा नसते. तेथे लोखंडी कोपरे असलेली सायकल नेणे म्हणजे दुसऱ्याच्या नडगीवर संकट. दुपारी बस रिकामी असेल व कंडक्टरची हरकत नसेल, तरच बघावे.

रेल्वेचे नियम वेगळे आहेत. डब्यात न्यायच्या पेटीची मर्यादा १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे आणि सायकलीला मोफत सामानाची सवलत लागू नाही. ती सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमधून पाठवायची असते. घडी घातलेली सायकल बहुधा २५ सेंटिमीटरपेक्षा जाड भरते, हे लोणावळा लोकल किंवा डेक्कन क्वीनने जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. विमानाचा तर प्रश्नच नाही. विमानात प्रवाशाला १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची सायकलची बॅटरी ३६० वॉट-तासांची होते.

बॅटरीची काळजी

३६० वॉट-तास म्हणजे आपल्या मोबाइलच्या बॅटरीच्या साधारण वीस पट ऊर्जा. ती नीट सांभाळली तर वर्षानुवर्षे काम देते, पण आतून बिघडली तर काही सेकंदांत पेटते आणि विझवल्यावरही पुन्हा पेट घेऊ शकते. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगाव भागात उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतल्याचे वाचकांना आठवत असेल. लंडनमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये एका स्टेशनच्या फलाटावर विजेची सायकल पेटली आणि ३१ मार्चपासून तेथील भुयारी रेल्वेत अशा सायकलींना बंदी झाली. घडीच्या सायकलींना मात्र त्यातून वगळले. कारण साध्या सायकलीला बाहेरून मोटर व जुनी बॅटरी जोडण्याचे प्रकार न दुमडणाऱ्या सायकलींत अधिक होतात. बोध असा, की स्वस्तात मिळते म्हणून जुगाड करू नये.

कंपनीचाच चार्जर वापरावा. रात्री झोपताना चार्जिंग लावू नये. घराच्या दाराजवळ किंवा जिन्यात चार्ज करू नये, कारण आग लागली तर बाहेर पडण्याचा मार्ग तोच असतो. फुगलेली, जोरात आपटलेली किंवा पावसात आतून भिजलेली बॅटरी वापरू नये व डब्यात तर मुळीच नेऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या सायकलीची बॅटरी गार झाल्यावरच चार्ज करावी.

डब्यात बॅटरीतून धूर, फसफस असा आवाज किंवा उग्र वास आला तर ती उचलायला जाऊ नये. तो धूर विषारी असतो. लोकांना दूर करावे, डब्यातील आपत्कालीन बटण दाबून चालकाला कळवावे व गाडी थांबताच बाहेर पडावे. बाहेर असाल तर १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

भाजल्यास जखमेवर वाहते गार पाणी पूर्ण २० मिनिटे धरावे. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे, पण कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. धूर छातीत गेला असेल तर रुग्ण बरा दिसत असला तरी तपासून घ्यावा, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

थोडक्यात काय, तर ही सायकल चांगली आहे. घेण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. दुकानात ती स्वतः उचलून दहा पावले चालून पाहावी. घर, स्टेशन व कचेरी या तिन्ही ठिकाणी लिफ्ट कुठे आहे ते बघून यावे. ती रात्री कुठे राहील आणि बॅटरी कुठे चार्ज होईल हे आधी ठरवावे. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल घ्यावी आणि मूठ न पिळता पायडल मारावे. दुकानात उचलतानाच कंबर कुरकुरली, तर पैसे खिशात ठेवून स्टेशनपर्यंत पायी जावे. त्यालाही व्यायामच म्हणतात.