डॉ. श्रीराम लागू : शस्त्रक्रियागृहातून रंगमंचाकडे

जडणघडण : १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि पुण्यात भालबा केळकरांच्या ‘पीडीए’ या हौशी, म्हणजे उपजीविकेपेक्षा आवडीपोटी नाटके करणाऱ्या संस्थेत त्यांचा अभिनय घडला.

रंगभूमी : आफ्रिकेतील वैद्यकीय सेवेनंतर परतलेले लागू १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून पूर्णवेळ नट झाले आणि १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये त्यांनी गणपतराव बेलवलकर साकारला; या भूमिकेतील स्वगते, म्हणजे पात्राची स्वतःशी चाललेली भाषणे, नटाच्या श्वासाची आणि बुद्धीची कसोटी पाहणारी आहेत.

चित्रपट : ‘पिंजरा’ (१९७२), ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे त्यांचे महत्त्वाचे मराठी चित्रपट असून, हिंदी ‘घरोंदा’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तर ‘गांधी’ (१९८२) मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले.

विचार : नाटककाराचा आशय प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा तो नट, या धारणेतून त्यांनी आत्मचरित्राला ‘लमाण’, म्हणजे मालाची ने-आण करणारा, हे नाव दिले. विवेकवादाचा, म्हणजे बुद्धीच्या कसोटीवर श्रद्धा तपासण्याचा, आग्रह अखेरपर्यंत धरणाऱ्या या कलावंताचे १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात निधन झाले.