पॅनेलमधला ब्रेकर नक्की कुणासाठी?

आजच्या व्याख्यानात आपण एकच प्रश्न घेणार आहोत. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रत्येक सर्किटला किती अँपिअरचा आणि कोणत्या प्रकारचा ब्रेकर लावायचा, हे ठरवायचं कसं?

लालबाग-परळच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मिळू लागली. हळूहळू वाफेची इंजिनं गेली, मोटरी आल्या आणि मोटरींबरोबर स्टार्टर आणि फ्यूज आले. आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत, पण मोटरी आहेतच. म्हणून उदाहरण इथलंच घेऊ. टॉवरच्या तळघरात पाण्याच्या पंपाचं पॅनेल आहे. मोटर ५ एचपी, थ्री फेज, स्टार्टर डीओएल. पूर्ण लोडला ती साधारण ७.५ अँपिअर घेते. पॅनेलपासून मोटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. बंद पाइपातून टाकलेली ही वायर साधारण २० अँपिअर सहन करते.

पॅनेलमध्ये १० अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी आहे आणि पंप चालू करताना तो अधूनमधून ट्रिप होतो. मग काय होतं? लोहार चाळीतून ३२ अँपिअरचा एमसीबी येतो. ट्रिपिंग थांबतं, पाणी चढतं, सगळे खूश. पण वायर तीच राहिली ना? एमसीबीच्या मानकानुसार १.१३ पट करंट तासभर वाहिला तरी त्याने ट्रिप व्हायचं नसतं. म्हणजे २० अँपिअरच्या वायरमधून ३६ अँपिअर तासभर वाहिले, तरी हा ब्रेकर गप्प बसणार. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालायचे, त्याचाच हा नवा अवतार. आता वितळायची पाळी वायरची.

म्हणून पहिला नियम असा: ब्रेकर आधी वायरसाठी असतो. मोटर जळू नये हे ओव्हरलोड रिलेचं काम. रिले मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटला लावायचा, इथे ७.५ ला. एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजमधला करंट साधारण १३ अँपिअरवर जातो. रिले तो ओळखून मोटर थांबवतो. ३२ च्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग १० चा ट्रिप का होत होता? डीओएल मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते, म्हणजे ४५ ते ५२ अँपिअर. पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. सी कर्व्हचा एमसीबी ५ ते १० पटीच्या दरम्यान केव्हाही तत्काळ ट्रिप होऊ शकतो. १० अँपिअरला हा पट्टा ५० पासूनच सुरू होतो. डी कर्व्हचा पट्टा १० ते २० पट, म्हणजे १०० च्या पुढे. तेव्हा इथे आकडा वाढवायचा नव्हता, कर्व्ह बदलायचा होता. त्याहून बरा पर्याय म्हणजे ६.३ ते १० अँपिअर रेंजचा एमपीसीबी, ७.५ ला सेट केलेला.

आता दुसरं टोक बघू. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच आहे. तळघरापासून तिथवर १०० मीटर कंट्रोल वायर गेलीय, १.५ चौरस मिलिमीटरची, २३० व्होल्टवर. वरच्या टोकाला शॉर्ट झाला तर किती करंट वाहील? या वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. जाऊन-येऊन २०० मीटरचा झाला २.४२ ओहम. २३० ला २.४२ ने भागलं की येतात जेमतेम ९५ अँपिअर, आणि वायर तापलेली असेल तर आणखी कमी. पॅनेलमध्ये शिल्लक होता म्हणून १६ चा सी कर्व्ह लावला असेल, तर तो १६० अँपिअरला खात्रीने तत्काळ उडतो. ९५ ला उडेलच असं नाही. कदाचित काही सेकंद घेईल आणि तेवढा वेळ वायर तापत राहील. ६ अँपिअरचा सी कर्व्ह मात्र ६० ला नक्की उडतो. शॉर्टचा करंट नेहमी प्रचंडच असतो, हा समज इथे महागात पडतो.

तिसरा प्रश्न याच्या उलट बाजूचा. शॉर्ट खुद्द पॅनेलमध्ये झाला तर? टॉवरचं सबस्टेशन बहुधा आवारातच असतं. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स ५ टक्के धरला, तर त्याच्या टर्मिनलवर साधारण १३,००० अँपिअर मिळतात. केबलच्या लांबीनुसार हा आकडा घटतो, पण पॅनेल शेजारीच असेल तर फारसा नाही. एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो. तेवढाच शॉर्ट करंट तो सुरक्षितपणे तोडू शकतो. त्यापलीकडे ब्रेकर फुटू शकतो आणि पॅनेलसमोर तेव्हा आपला वायरमन उभा असू शकतो. अशा ठिकाणी पुरेशा क्षमतेचा ब्रेकर घ्या. नाहीतर मागे एचआरसी फ्यूज लावा, पण ती जोडी उत्पादकाच्या तक्त्यात असली पाहिजे. अंदाजाने जोडी जुळवू नये.

गिरगावातल्या जुन्या इमारतीतला पंप असो की लोअर परळच्या गाळ्यातली छपाई मशीन, आम्ही प्रत्येक सर्किटला हेच चार प्रश्न विचारतो. वायर किती सोसते? मशीन सुरू होताना किती ओढतं? लांबच्या टोकाला शॉर्ट झाला तर किमान किती करंट येईल? आणि पॅनेलपाशी झाला तर कमाल किती? चारही उत्तरं पॅनेलच्या ड्रॉइंगवर, त्या त्या ब्रेकरशेजारी लिहून ठेवा. पुढे कधी कुणी “ट्रिप होतोय, मोठा टाका” म्हणालं, तर दुकानात जायच्या आधी ते ड्रॉइंग उघडा.